जूनमधलं मत

न्यू जर्सीत मे महिन्यात, जूनच्या पक्षांतर्गत निवडणुकीआधी, पोस्टाने नमुना मतपत्रिका घरी येते. घडी उलगडली की जेवणाच्या टेबलाचा बराच भाग ती व्यापते. 2023 पर्यंत बहुतेक कौंट्यांत (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) ती अशी दिसायची: एका कडेला पदांची नावं, वर ए, बी, सी अशी अक्षरं, आणि एका कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत सलग नावं. वर राज्याच्या सिनेटचा उमेदवार, त्याखाली असेंब्लीचे दोन, मग कौंटी कमिशनर, शेरीफ, टाउनशिप कौन्सिल आणि अगदी तळाला कौंटी कमिटी. एकही चौकट रिकामी नाही. शेजारच्या कॉलममध्ये एखादंच नाव, वरखाली सगळं कोरं. आणि पार उजवीकडे, जिथे नजर सहसा पोचतच नाही, तिथे एखादा एकटा उमेदवार. कधी एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोघे एकाच कॉलममध्ये कोंबलेले. इथले राजकारणी लोक त्या कोपऱ्याला ‘बॅलट सैबेरिया’ म्हणतात. भरलेल्या कॉलमला म्हणतात ‘द लाइन’. कौंटीगणिक थोडा फरक असे, कुठे लाइन उभी तर कुठे आडवी, पण 21 पैकी 19 कौंट्यांत ती होती आणि देशात इतर कुठेच नव्हती.

कुणाला लाइन मिळाली, कुणाची गेली, हीच इथली वसंतातली खरी बातमी असायची. अमेरिकेचं राजकारण मला समजायला लागलं ते या कागदापासून. टीव्हीवर दिसणारे लाल-निळे नकाशे बघून कोण जिंकलं ते कळतं. उमेदवार मुळात त्या जागी आला कसा, हे त्या नकाशांत कुठेच नसतं.

सांगलीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पक्ष म्हटलं की काय येतं? कार्यालय, जिल्हाध्यक्ष, इच्छुकांच्या मुलाखती, मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचलेला एबी फॉर्म. तिकीट देणारा कुणीतरी वर बसलेला असतो, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. इथे एबी फॉर्म नाही. कुणीही उठावं, ठरलेल्या सह्या गोळा कराव्यात आणि अमुक पक्षाची उमेदवारी मला हवी आहे असा अर्ज भरावा. पक्षाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही. मग पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला सरकारी खर्चाने, सरकारी यंत्रांवर निवडणूक होते. तिला म्हणतात प्रायमरी. न्यू जर्सीत ती जूनमध्ये होते, मुख्य निवडणूक नोव्हेंबरमध्ये. पक्षाच्या सदस्यत्वाची पावती नसते, वर्गणी नसते. मतदार म्हणून नाव नोंदवताना अर्जावर चौकटी असतात, डेमोक्रॅट, रिपब्लिकन, कुठलाच नाही वगैरे. त्यातल्या एकीत खूण केली की झालात त्या पक्षाचे. निवडून आल्यावर पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून जागा जाईल, असा पक्षांतरबंदी कायदाही इथे नाही.

2024 च्या वसंतात माझं एक लक्ष सांगलीत होतं आणि एक इथे न्यू जर्सीत. सांगलीची लोकसभेची जागा महाविकास आघाडीच्या वाटपात शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली, पैलवान चंद्रहार पाटलांना उमेदवारी मिळाली, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील काँग्रेसचं तिकीट न मिळाल्याने अपक्ष उभे राहिले. लिफाफा हे चिन्ह घेऊन ते एक लाखाच्या फरकाने जिंकले. आपल्याकडे बंडखोराला असं थेट मुख्य निवडणुकीत उतरावं लागतं, कारण त्याआधी मतदाराला विचारणारी पायरीच नाही. अमेरिकेत ती पायरी आहे, म्हणून बंडखोरी तिथेच होते. आणि तिथे हरलात तर बहुतेक राज्यांत नोव्हेंबरला अपक्ष म्हणून उभं राहायला कायद्याने मनाई असते. म्हणून ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथे प्रायमरीचा निकाल हाच निकाल. नोव्हेंबरमध्ये फक्त शिक्का बसतो.

ही पद्धत काही घटनाकारांनी घालून दिलेली नाही. एकोणिसाव्या शतकात उमेदवार ठरायचे ते पक्षाच्या अधिवेशनांत आणि बंद खोल्यांत. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि 1903 मध्ये तिथे प्रायमरीचा कायदा झाला. न्यू जर्सीत ती 1911 मध्ये आली, वुड्रो विल्सन गव्हर्नर असताना. त्याची कहाणी मला फार आवडते. विल्सन प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष, राजकारणात नवखे. डेमोक्रॅट पक्षाचे इथले बडे सूत्रधार जेम्स स्मिथ यांनी त्यांना उमेदवारी मिळवून दिली, प्राध्यापक आपल्या ऐकण्यात राहील या हिशेबाने. निवडून येताच विल्सननी स्मिथ यांच्याच सिनेटच्या उमेदवारीला विरोध केला आणि त्यापुढे जाऊन गेरान कायदा करून घेतला. उमेदवार निवडण्याचा हक्क मतदाराकडे गेला. निदान कागदावर तरी.

कारण सूत्रधार काही घरी बसले नाहीत. विल्सन व्हाइट हाउसमध्ये होते त्याच काळात, 1917 मध्ये, फ्रँक हेग जर्सी सिटीचे महापौर झाले आणि 1947 पर्यंत खुर्चीवर राहिले. प्रायमरी होतीच की! पण प्रायमरी जिंकायची कशी, हे पक्षाच्या स्थानिक यंत्रणेने शिकून घेतलं होतं. पुढे त्याच वाटेने मतपत्रिकेची मांडणी हे न्यू जर्सीतलं सगळ्यात भक्कम हत्यार झालं. कौंटीच्या पक्षाध्यक्षाने ज्यांना पसंती दिली ते सगळे एका कॉलममध्ये, एकाच घोषवाक्याखाली, वरपासून खालपर्यंत. बाकीचे विखुरलेले.

हे चालायचं का? लोक इतके भोळे असतात का? मला तसं वाटत नाही. स्वतः मतपत्रिकेसमोर उभं राहिल्याशिवाय यातली मेख कळत नाही. नोव्हेंबरमध्ये मतदाराच्या मदतीला पक्षाचं नाव असतं. कौंटी क्लर्क कोण, मृत्युपत्रांची कामं बघणारा सरोगेट कोण, हे माहीत नसलं तरी नावापुढे डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन वाचून माणूस बरंच काही ओळखतो. जूनमध्ये ती मदत नसते. सगळेच डेमोक्रॅट, किंवा सगळेच रिपब्लिकन. वीस-पंचवीस नावं, त्यातली दोन ओळखीची. कामावर जायची घाई. अशा वेळी डोळा आधार शोधतो, आणि ज्या कॉलममध्ये ओळखीचा खासदार किंवा गव्हर्नर वर बसलाय तो आधार आयता समोर असतो. खालची नावं त्याच्याच बोटाला धरून आलेली. जूनमध्ये पक्षाच्या नावाचं काम ही लाइन करायची, आणि ते नेमकं कुणासाठी करायचं हे एक माणूस ठरवायचा. रटगर्स विद्यापीठातल्या प्राध्यापक ज्युलिया सास रुबिन यांनी वर्षानुवर्षांचे निकाल तपासून दाखवून दिलं की तोच उमेदवार, तेच पद, तीच निवडणूक, पण एका कौंटीत लाइनवर आणि दुसरीत लाइनबाहेर असला तर त्याच्या मतांत प्रचंड फरक पडतो.

भारतातल्या मतयंत्रावर नावांचा क्रम निवडणूक आयोगाच्या नियमाने लागतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर्णानुक्रमे, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष, शेवटी अपक्ष. पाटीलवाड्यातला कितीही मोठा माणूस असो, त्याला आपलं नाव वर सरकवून घेता येत नाही. इतकी साधी गोष्ट आपल्याकडे कुणी कौतुकाने बोलूनही दाखवत नाही. इथे येऊन तिची किंमत मला कळली.

मग 2023 चा सप्टेंबर आला. न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचं आरोपपत्र दाखल झालं. घरात सापडलेल्या सोन्याच्या विटांचे आणि जॅकेटच्या खिशांत कोंबलेल्या नोटांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. (पुढे ते दोषी ठरले, राजीनामा दिला आणि 2025 मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली.) दुसऱ्याच दिवशी अँडी किम या खासदाराने त्यांच्या जागेसाठी उभं राहत असल्याचं जाहीर केलं. कोरियन आई-वडिलांचा मुलगा, 2018 मध्ये ट्रम्प यांना आधी कौल दिलेल्या मतदारसंघातून निवडून आलेला. 6 जानेवारी 2021 च्या रात्री, संसदेवरच्या हल्ल्यानंतर, गुडघ्यावर बसून रोटंडातला, म्हणजे संसदेच्या घुमटाखालच्या दालनातला, कचरा गोळा करणारा खासदार म्हणून लोकांना तो माहीत होता. नोव्हेंबरमध्ये टॅमी मर्फी रिंगणात आल्या, तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी. आधी कधी निवडून आलेल्या नव्हत्या. पण त्या उभ्या राहिल्याबरोबर मोठमोठ्या कौंट्यांच्या पक्षाध्यक्षांचे पाठिंबे भराभर जाहीर झाले. त्यात आमची मिडलसेक्सही होती. कुणाला मत द्यावं असं अजून एकाही मतदाराला विचारलेलं नव्हतं.

त्या थंडीत मंडळाच्या हळदीकुंकवाला आणि दुकानांच्या रांगांतसुद्धा हा विषय निघायचा, हे मी पहिल्यांदा पाहिलं. काही कौंट्यांत पक्षाध्यक्ष एकटा ठरवतो, काहींत पक्षाचे प्रतिनिधी गुप्त मतदान करतात. फेब्रुवारीत मॉनमथ कौंटीत असं मतदान झालं. ती मर्फींची स्वतःची कौंटी, आणि तिथे किम जिंकले. मग जिथे जिथे प्रतिनिधींना खरोखर विचारलं गेलं तिथे बऱ्याच ठिकाणी तेच घडलं. किम एवढ्यावर थांबले असते तर त्यांना काही कौंट्यांत लाइन मिळाली असती, काहींत नसती, आणि राजकारण पूर्वीसारखंच चालू राहिलं असतं. त्यांनी आणि आणखी दोन उमेदवार महिलांनी फेब्रुवारीच्या शेवटी केंद्रीय न्यायालयात दावा ठोकला की ही मांडणीच घटनाबाह्य आहे. ज्या कौंट्यांत लाइन त्यांना मिळणार होती, तिथलीही नको.

मार्चमध्ये ट्रेंटनच्या कोर्टात न्यायाधीश झाहिद कुरेशी यांच्यासमोर दिवसभर सुनावणी झाली. त्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या अॅटर्नी जनरलनी कळवलं की या पद्धतीचा बचाव आपण करणार नाही. मतपत्रिका छापून घेणाऱ्या कौंटी क्लर्कांच्या वकिलांचं म्हणणं होतं की इतक्या उशिरा मतपत्रिका बदलणं जमणार नाही, यंत्रं तशी नाहीत, छपाईला वेळ नाही. मतपत्रिकेवरच्या चौकटी कशा छापायच्या यावर दिवसभर युक्तिवाद! आणि मला त्यात काहीही क्षुल्लक वाटलं नाही. 24 मार्चला टॅमी मर्फींनी माघार घेतली. 29 मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, निकाल आला: डेमोक्रॅट पक्षाच्या त्या प्रायमरीत लाइन नाही. प्रत्येक पदाखाली त्या पदाच्या सगळ्या उमेदवारांची नावं एकत्र, जशी इतर राज्यांत असतात. दावा डेमोक्रॅट उमेदवारांचा होता म्हणून रिपब्लिकन पक्षाच्या मतपत्रिका त्या जूनमध्ये जुन्याच पद्धतीने छापल्या गेल्या. जूनला किम आरामात जिंकले, नोव्हेंबरला सिनेटवर गेले, तिथले पहिले कोरियन-अमेरिकन. 2025 च्या मार्चमध्ये लाइन बाद करणारा कायदाही झाला.

मी डेमोक्रॅट म्हणून नोंदवलेली आहे आणि त्या मे महिन्यात प्रचाराला आमच्याच भागात दारोदार फिरले. तिथे जे पाहिलं ते मला या सगळ्या कोर्टकचेरीपेक्षा जास्त लागलं.

प्रचाराला निघताना फोनवर ‘मिनीव्हॅन’ नावाचं अॅप उघडून देतात. त्यावर तुमच्या वाट्याच्या गल्लीचा नकाशा येतो, आणि ठरावीक घरांवर ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या घरातल्या मतदाराचं नाव, वय, पक्ष. इथे मत गुप्त असतं, पण तुम्ही कुठल्या पक्षात नोंद केलीय आणि कुठल्या निवडणुकीला मतदान केलंत, हे सार्वजनिक दप्तरात असतं. उमेदवार ती यादी मिळवतात, गाळतात आणि फक्त उपयोगी घरं ठेवतात. मी ज्या गल्लीत उभी होते तिथल्या पत्रपेट्यांवर कुलकर्णी, पटेल, रेड्डी, देशमुख, शाह. बागेत तुळस, दारावर लाकडी तोरणं. आणि माझ्या फोनवर त्या घरांवर ठिपकाच नव्हता. ठिपके होते ते तीन-चार जुन्या रहिवाशांच्या घरांवर. चाळीस वर्षांत एकही प्रायमरी न चुकवलेली इटालियन वंशाची आजी, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ. आजींनी मला दारात उभं करून पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, “गेल्या आठवड्यात कौन्सिलचा एक उमेदवार स्वतः येऊन गेला.” अर्थातच येणार. त्याच्या यादीत त्या सगळ्यात वर होत्या.

आमची माणसं नोव्हेंबरला जातात. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीला तर हौसेने जातात, ‘आय व्होटेड’चा स्टिकर लावून फोटो टाकतात. पण जूनचं काय म्हणून मी एका काकांना विचारलं. तेवीस वर्षं इथे, नागरिकत्व घेऊन दशक उलटलेलं, लोकसत्ता अजून रोज वाचणारे. म्हणाले, “अगं, कशाला उगाच पक्षाचा शिक्का मारून घ्यायचा? आपण आपलं न्यूट्रल बरं.” न्यू जर्सीत पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन एक पक्ष निवडता येतो, पण मग दप्तरात त्याच्यापुढे तो पक्ष लागतो. काकांना नेमकं तेच नको होतं. सरकारी कागदावर आपली राजकीय बाजू लिहिली जाणं, ही गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाला धोक्याची वाटते, आणि ती भावना मला पूर्ण समजते. राज्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त मतदारांची कुठल्याच पक्षात नोंद नाही, म्हणजे काका काही एकटे नाहीत. पण न्यूट्रल राहण्याची किंमत ते मोजत होते. त्यांच्या रस्त्यावरचा सिग्नल, मंदिराच्या पार्किंगची परवानगी, हे सगळं ज्यांच्या हातात आहे ते लोक जूनमध्ये ठरतात आणि त्यांना काकांचं घर नकाशावर दिसतच नाही.

राष्ट्राध्यक्षांसाठी दिलेलं मत मात्र न्यू जर्सीत फार वजनदार नसतं, हे सांगायला मला जड जातं. राष्ट्राध्यक्ष निवडणारे 538 इलेक्टर, 270 ला बहुमत, आणि बहुतेक राज्यांत जो एक मताने पुढे त्याला राज्याचे सगळे इलेक्टर. 2000 मध्ये फ्लोरिडातल्या 537 मतांवर बुश राष्ट्राध्यक्ष झाले, 2016 मध्ये हिलरी क्लिंटन सुमारे 29 लाख मतं जास्त मिळवूनही हरल्या. न्यू जर्सीने 1988 नंतर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला कौल दिलेला नाही, म्हणून इथे कुणी प्रचार करत नाही. ज्यांना काही करायचं असतं ते डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियातल्या बक्स कौंटीत दारं ठोठावायला जातात.

मतदार पक्ष कसा निवडतो, यावर इथे खूप अभ्यास झालाय. त्यातली जुनी आणि टिकून राहिलेली गोष्ट अशी की बहुतेकांना पक्ष घरातून मिळतो, कुलदैवतासारखा. धोरणं नंतर येतात आणि माणूस ती आपल्या पक्षाच्या अंगाने समजून घेतो. पूर्वी या निष्ठेला थोडी हवा खेळती होती. 1984 मध्ये रेगन यांनी 49 राज्यं जिंकली आणि त्याच मतदारांनी प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे ठेवलं. 2016 मध्ये सिनेटच्या 34 जागांवर निवडणूक झाली आणि प्रत्येक राज्यात सिनेटर त्याच पक्षाचा आला ज्याचा राष्ट्राध्यक्ष त्या राज्याने निवडला. असं आधी कधी झालं नव्हतं. 2024 मध्ये चार राज्यांनी ट्रम्प आणि डेमोक्रॅट सिनेटर असा जोडकौल दिला, म्हणजे दार अगदीच बंद झालेलं नाही. पण आपल्या पक्षाच्या प्रेमापेक्षा समोरच्या पक्षाची भीती आता लोकांना मतदान केंद्रावर आणते, असं मला दारोदार फिरताना वारंवार जाणवलं. आपल्या मराठी घरांत तर हा वारसाच नसतो. आई-वडील पक्षाविना आले, मुलं कॉलेजात जाऊन पक्ष घेऊन येतात, आणि जेवणाच्या टेबलावर बाबा टॅक्सबद्दल बोलतात तेव्हा मुलगी बंदुका आणि गर्भपाताबद्दल बोलते. दोघांचीही काळजी खरी असते. एकमेकांची काळजी ऐकून घेणारी अशी घरं मला फार मोलाची वाटतात.

निष्ठा इतकी पक्की झाली की नोव्हेंबरचे निकाल बहुतेक जागी आधीच ठरलेले असतात, आणि म्हणूनच जूनचं महत्त्व वाढतं. 2014 मध्ये प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी सुमारे 17 हजार मतं मिळवून हरवलं. मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या घरात! आणि बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर गेले, तेही प्रायमरीमुळेच. नऊ उमेदवार होते, त्यांना साधारण 28 टक्के मतं पडली, तेवढी पुरली. नोव्हेंबरला सत्तर टक्क्यांवर मतं घेऊन ते जिंकले. आपला माणूस गेला याचा मलाही आनंद झाला. पण त्याच निकालाने डेट्रॉइट या बहुसंख्य कृष्णवर्णीय शहराला 1955 पासून पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, आणि तिथल्या लोकांना ते किती लागलं असेल हेही मनात आल्याशिवाय राहिलं नाही. बाकीचे आठजण 72 टक्के मतं आपसांत वाटून घेत होते.

लाइन गेल्यामुळे आमच्याकडे आता हाच प्रश्न उभा आहे. 2025 च्या जूनमध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट पक्षात सहा उमेदवार होते, सगळे वजनदार, सगळे एकाच चौकटीत. मिकी शेरिल सुमारे 34 टक्क्यांवर जिंकल्या आणि नोव्हेंबरला गव्हर्नर झाल्या. शिक्षक संघटनेच्या अध्यक्षांसाठी कोट्यवधी डॉलर ओतले गेले, तरी ते दहा टक्क्यांच्या आसपासच राहिले, म्हणजे पैशानेही सगळं होत नाही. होबोकनचे तेव्हाचे शीख महापौर रवी भल्ला त्याच दिवशी असेंब्लीची प्रायमरी जिंकले, तीही हडसन कौंटीच्या पक्षयंत्रणेच्या उमेदवारांविरुद्ध. पक्षाध्यक्षांचे पाठिंबे संपलेले नाहीत. शेरिलना त्यातले बरेच मिळाले होते आणि ते उपयोगी पडलेच. फक्त आता पाठिंबा म्हणजे निकाल नाही. उमेदवाराला मतदारापर्यंत यावं लागतं. त्या वसंतात आमच्या गल्लीत दारं वाजली, ठिपका नसलेलीसुद्धा काही.

काकांना मी अजून सोडलेलं नाही. परवा त्यांनीच विचारलं, “हे पक्षाध्यक्ष एवढे मोठे, तर त्यांना निवडतं कोण?” याचं उत्तर मतपत्रिकेच्या अगदी तळाशी असतं. प्रत्येक छोट्या मतदान विभागातून कौंटी कमिटीवर दोन माणसं जातात, तीही जूनमध्येच मतदारांनी निवडलेली, आणि या कमिटीवरची माणसंच कौंटीचा पक्षाध्यक्ष निवडतात. एका विभागात काही शेच मतदार. पगार नाही, मान फारसा नाही, म्हणून कितीतरी ठिकाणी उमेदवारच नसतो. मी काकांना नमुना मतपत्रिकेवरची ती जागा दाखवली. आमच्या विभागातली एक चौकट कोरीच होती. त्यांनी चष्मा वर करून ती पुन्हा पाहिली आणि अर्जाला सह्या किती लागतात ते विचारलं. दोघांनी मिळून गल्लीतल्या घरांची यादी केली, तेव्हा लक्षात आलं की सह्या एका संध्याकाळीत होतील. अडचण एकच राहिली. आधी काकांना त्या नोंदणीच्या अर्जावर पक्षापुढच्या चौकटीत खूण करावी लागेल, आणि त्यावर ते काकूंशी बोलून सांगणार आहेत.